घरशाळा चांगली, पण शाळेचा दरवाजा सोडायचा नाही

गांधीबागेतल्या ठोक कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या ओळखीचे एक बौद्ध दाम्पत्य राहते. नवरा शिलाईकाम करतो. बायको पदवीधर, एका दुकानात हिशेब लिहायची. मुलगा आठ वर्षांचा. इंग्रजी शाळेत आडनावावरून त्याला टोमणे बसू लागले. आई तक्रार घेऊन गेली, तर मुलालाच गप्प केले गेले. शेवटी त्याला शाळेतून काढले. आता तो घरीच शिकतो.

त्याचे शिकणे आम्ही जवळून पाहिले. अडीच मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे पाच तुकडे निघतात, हे त्याला बापाच्या कात्रीसमोर बसून कळले. हातगाडीवरच्या गठ्ठ्यांत किती थान असतील याचा तो अंदाज बांधतो, मग हमालकाकांना विचारून खात्री करतो. दुकानांच्या पाट्या वाचतो. संक्रांतीला पतंग उडवताना वाऱ्याची दिशा ओळखतो. संध्याकाळी कंचे खेळताना जिंकलेले-हरलेले तोंडी सांगतो. शाळेत मान खाली घालून बसणारे हेच पोर आता प्रश्नांनी भंडावून सोडते. म्हणून घरशाळा म्हणजे श्रीमंतांचे थोतांड, असे आम्ही म्हणणार नाही.

तरीही आपल्या समाजाने हा मार्ग आदर्श म्हणून उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरी शिकणे ही या देशात नवी गोष्ट नाही. जातिव्यवस्था हीच सर्वांत जुनी घरशाळा आहे. व्यापाऱ्याचा मुलगा गादीवर बसून व्यापार शिकला, भटजीचा मुलगा घरात पोथी शिकला. आपल्या आजा-पणजांना घराने काय शिकवले? मेलेले ढोर ओढायला आणि वेठबिगार करायला. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी योजना आणली : मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे, उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणून कडाडून विरोध केला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पण २०१६ च्या बालकामगार दुरुस्ती कायद्याने शाळेनंतर व सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्याची सूट चौदा वर्षांखालील मुलांना दिलीच. कापड मोजणे आज खेळ आहे. उद्या तेच काम होणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणूनच आपल्या पुरख्यांनी सार्वजनिक शाळेसाठी झगडा केला. जोतिबा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. याच नागपुरात जाईबाई चौधरींनी हमाली करून पोट भरले, शिकल्या आणि अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. त्यांना मुली घराबाहेर आणायच्या होत्या.

बाबासाहेबांकडे पाहा. सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. परळच्या एका खोलीत ते मध्यरात्रीनंतर दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवत. याहून उत्तम घरचा गुरू कुठे मिळेल? सातारच्या शाळेत भीमरावांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळाले नाही. तरीही रामजींनी मुलाला शाळेतून काढले नाही. घर आणि शाळा, दोन्ही चालू ठेवल्या.

आणखी एक प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. या घरशाळेची किंमत कोणी मोजली? आईने. तिची नोकरी सुटली. बाप मशीनवर, आई पोराजवळ. स्त्रीमुक्तीच्या गप्पा मारणाऱ्या आपण तिच्या बिनपगारी कामाला 'संस्कार' म्हणणार का?

मग अपमान सोसायचा का? मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेच लागतात. किती कार्यकर्ते या समितीत आहेत? मैदान आणि खेळाचे साहित्य कायद्याच्या निकषांत आहे. ते आपण कधी मागितले?

इथे आम्हाला कबुली द्यायची आहे. ती आई तक्रार घेऊन शाळेत गेली तेव्हा एकटीच होती. आम्ही त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीच्या बैठकीत होतो. डीजे कोणता आणायचा यावर दोन तास गेले. आमच्यातले चार जण तिच्यासोबत उभे राहिले असते, तर त्या पोराला शाळा सोडावी लागली असती का?

कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसार वर्गात प्रवेश मिळू शकतो. त्याच्या आईवडिलांनी अजून ठरवलेले नाही, आणि त्यांच्यावर दबाव आणण्याचा आम्हाला अधिकार नाही. मात्र शाळा उघडताना ते प्रवेशाला निघाले, तर या वेळी आम्ही सोबत असू. तोवर दर रविवारी विहारात कात्री, मोजपट्टी, पतंग आणि कंचे घेऊन वस्तीतली सगळी पोरे बसतील. त्या एका घरातले शिकणे सगळ्यांच्या वाट्याला यावे.

घर मुलाला धीर देते. हक्क मात्र चारचौघांत बसूनच मिळतो. आपण दारातून मागे फिरलो, तर ते बंद करणाऱ्यांना आणखी काय हवे?

जय भीम!