कॅमेरा महाग झाला, नजरेचे काय?

पालघर जिल्ह्यात आता कॅमेऱ्यांची वाण राहिलेली नाही. बोईसरमधली जयंतीची मिरवणूक पाहा, पालघरच्या जिल्हाधिकारी कचेरीवर निघालेला मोर्चा पाहा. घोषणेसाठी उंचावलेल्या मुठींपेक्षा मोबाईल धरलेले हात अधिक दिसतात. तारापूर औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारी आमची मुले आता हप्त्याने मोठा कॅमेरा घेण्याची भाषा करू लागली आहेत. 'हा घेतला तर फोटो चांगले येतील ना?' असा त्यांचा सवाल असतो. आमचे उत्तर असे की, फोटो स्वच्छ येतील. चांगले येतील की नाही, हे कॅमेरा ठरवीत नाही.

साधनाला आम्ही कमी लेखत नाही. रात्री कारखान्याला आग लागली तर साध्या मोबाईलमध्ये नुसता लाल गोळा येतो. खाडीच्या पलीकडच्या काठावरचा पाईप टिपायचा तर लांबची भिंग लागते. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोराला गिऱ्हाईक आधी विचारते, 'कॅमेरा कोणता?' पोटाचा धंदा असेल तर हा विचार करावाच लागतो. पण साधन हे अंगात असलेली ताकद वाढवते. नसलेली ताकद आणून देत नाही. काय टिपायचे, कधी टिपायचे आणि कोणासाठी टिपायचे, हे दुकानदार डब्यात घालून देत नाही.

डिसेंबर १९५६ मधील गोष्ट घ्या. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला मुंबईत लाखोंचा सागर लोटला. त्या काळी दादर-परळ हा भाग म्हणजे चित्रपटांच्या स्टुडिओंचे माहेरघर. देशातले उत्तम कॅमेरे तेथे होते. पण ते कॅमेरे आपण होऊन अंत्ययात्रेकडे चालत आले नाहीत. नामदेव व्हटकर यांनी पदरमोड केली, भाड्याने कॅमेरा मिळवला आणि तो प्रसंग चित्रफितीत बांधून ठेवला. आज आपण ती अंत्ययात्रा डोळ्यांनी पाहतो ती या धडपडीमुळे. व्हटकरांना कॅमेरा लागलाच, हे खरे. पण तो त्यांच्या मालकीचा नव्हता. त्यांच्या मालकीची होती ती जाण. हा दिवस पुन्हा येणार नाही, ही ती जाण.

दुसरे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरील त्यांच्या छायाचित्रांनी या शहराला स्वतःच्याच गटारात डोकावायला लावले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी वापरला तसा कॅमेरा मुंबईत अनेक वृत्तपत्र छायाचित्रकारांच्या गळ्यात होता. सफाई कामगारही रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. मग इतरांना ते का दिसले नाहीत? कारण ज्याला माणूस म्हणून पाहायचे नाही, त्याच्यावर कितीही महाग भिंग रोखली तरी तो धूसरच राहतो. जातीने आपल्या समाजाच्या डोळ्यांवर जो पडदा टाकला आहे, तो कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याने दूर होत नाही.

सातासमुद्रापार, अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉईड हा कृष्णवर्णीय माणूस गुदमरून मेला. डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी साधा मोबाईल धरून तेथे उभी राहिली आणि हलली नाही. तिच्या चित्रीकरणाने जगभर लोक रस्त्यावर आले, पोलीस अधिकारी तुरुंगात गेला आणि २०२१ मध्ये पुलित्झर मंडळाने तिचा खास गौरव केला. कोण म्हणेल की तिच्याकडे भारी कॅमेरा असता तर ते काम अधिक चांगले झाले असते?

आता आपल्या दाराशी या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातील प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत अव्वल ठरले. नवापूर, मुरबे, खारेकुरण येथील मच्छीमारांना ते आकड्याशिवायही ठाऊक होते. मेलेल्या मासळीचे फोटो मोबाईलवर किती फिरतात! पण एक फोटो, कोणत्या नाल्याचा आणि कोणत्या तारखेचा हे न सांगणारा, तो हळहळ निर्माण करतो आणि विरून जातो. त्याऐवजी एकाच पुलावरून, एकाच दिशेने, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी वर्षभर काढलेले बावन्न साधे फोटो एखाद्या अधिकाऱ्यासमोर ठेवा. पाण्याचा रंग कधी बदलतो, हे तेच सांगतील. येथे चिकाटी लागते, आणि चिकाटी हप्त्याने मिळत नाही.

कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला हे लवकर कळते. जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा होता. चित्र किती स्पष्ट, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता कायद्याने मागितलेल्या प्रमाणपत्राचा. न्यायालयाने सांगितले, नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच. मात्र मोबाईलचा मालक मूळ मोबाईल घेऊन साक्षीला उभा राहिला तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणजे कायदा कॅमेऱ्याची किंमत विचारत नाही. काढणारा कोण, साधन कोणाचे, मूळ फाईल कोठे आहे, हे विचारतो. आमची पोरे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतात आणि जागा नाही म्हणून मूळ पुसतात. पाठवताना फोटो आकसतो, त्याच्या पोटातली तारीख-वेळेची नोंद गळते. मग लाखाचा कॅमेरा काय कामाचा?

सर्वांत महाग कॅमेरा उपग्रहाचा. तोही अंतिम नाही, हे कायद्यानेच मानले आहे. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, उपग्रहाची चित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. डहाणू-जव्हारच्या आदिवासीने कसलेला तुकडा आकाशातून दिसला नाही, तरी गावातल्या म्हाताऱ्याची साक्ष मोलाची राहते. ज्याला जमीन ठाऊक आहे, त्याची नजर मोठी.

आणि चित्र खरे असूनही खोटे बोलवता येते, हे आपल्या जिल्ह्याने सोसले आहे. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचले येथे दोन साधू व त्यांच्या चालकाची जमावाने हत्या केली. मोबाईलवरील दृश्ये खरी होती, मथळे मात्र धर्माचे विष कालवून लिहिले गेले. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे तत्कालीन गृहमंत्र्यांना यादी जाहीर करून सांगावे लागले. चित्राखालची ओळ प्रामाणिक नसेल तर चित्राचा स्वच्छपणा अधिकच घातक ठरतो.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघरमध्ये झाली. यापूर्वी अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. अंगण, विहीर, ताडाची झाडे, मासे सुकवायची जागा यांचे मोल भरपाईच्या कागदात कसे मांडायचे? जे नोंदले नाही, ते नव्हतेच, असे सरकारी कागद म्हणतो. तेव्हा घरटी मोबाईल नव्हता. आज आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच. मोठा कॅमेरा हवाच असेल तर चार मंडळांनी मिळून एक घ्यावा आणि शिकलेल्याच्या हाती द्यावा. मजुरीतून हप्ता भरत बसू नये. तोवर खिशातला मोबाईल काढा. आपले घर, आपली बोट, आपला नाला, आपले शेत, झाडे मोजून टिपा. फोटोखाली गावाचे नाव, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव लिहा. मूळ फाईल दोन ठिकाणी जपा. मिरवणुकीत स्वतःचा चेहरा पुरेसा टिपून झाला असेल. आता कॅमेरा फिरवून समोर काय चालले आहे ते टिपायला हवे.