आरव्हीचा जनरेटर बदलताय? आधी विजेचा हिशेब मांडा

अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांकडे आरव्ही आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यातही ज्यांचा जनरेटर आता थकला आहे आणि ज्यांना दुकानदाराने ‘होता तसाच नवा बसवून टाका’ असा सल्ला दिला आहे, त्यांच्यासाठी. माझी कळकळीची विनंती आहे, घाईने होकार देऊ नका. हा खर्च काही हजार डॉलरचा असतो आणि एकदा बसवलेलं यंत्र पुढची बरीच वर्षं तुमच्या गळ्यात राहतं.

पहिली गोष्ट म्हणजे जुना जनरेटर खरोखर मेला आहे का, हे तपासून घ्या. हिवाळाभर गाडी उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल शिळं होऊन चिकट होतं, आणि मग जनरेटर चालू होऊन लगेच बंद पडतो किंवा एका लयीत चालत नाही. तेल कमी झालं तरी तो स्वतःहून बंद होतो. महिन्यातून एकदा, निम्मा भार देऊन, तास-दोन तास चालवण्याची शिस्त पाळली असती तर यातले कित्येक जनरेटर आजही चालले असते. कार्बोरेटरची सफाई किंवा नवा कार्बोरेटर हा नव्या यंत्राच्या मानाने फार थोडा खर्च आहे.

तरीही बदलायचाच असेल, तर हे यंत्र आपल्याकडे नेमकं काय करतं ते बघा. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरहोममध्ये साधारण 4000 वॅटचा जनरेटर असतो. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्‌झची, त्यामुळे या जातीच्या इंजिनाला मिनिटाला 3600 फेरे घ्यावेच लागतात, मग भार एका दिव्याचा असो की एअर कंडिशनरचा. संध्याकाळी जंगलात गाडी लावल्यावर आपण तो बहुतेक वेळा बॅटरी भरण्यासाठी चालवतो. आणि बॅटरी कोण भरतं? गाडीबरोबर आलेला 55 अँपिअरचा कन्व्हर्टर. तो बॅटरीत जेमतेम 770 वॅट टाकतो. म्हणजे 4000 वॅटचं इंजिन पूर्ण वेगाने, पूर्ण आवाजात फिरतं आणि त्याच्या पाचव्या हिश्शाएवढंच काम होतं.

लोडशेडिंगच्या दिवसांत महाराष्ट्रात घरोघरी जे इन्व्हर्टर आणि बॅटरी आले, तीच मांडणी इथे मनात आणा. घर बॅटरीवर चालतं आणि बॅटरी भरणं हे बाहेरच्या विजेचं काम. आरव्हीतही जनरेटरला थेट घर चालवायला लावण्याऐवजी फक्त बॅटरी भरायला लावलं, तर सगळं गणित बदलतं.

डीसी जनरेटर नेमका यासाठीच असतो. इंजिनावर कायमचुंबकाचा अल्टरनेटर असतो, त्याची वीज रेक्टिफायरमधून डीसी होते आणि सरळ बॅटरीकडे जाते. हर्ट्‌झ राखायचे नसल्यामुळे इंजिन गरजेपुरतं हळू किंवा जलद फिरू शकतं, आणि मधला कन्व्हर्टरही गळतो. हे तंत्र प्रयोगावस्थेतलं नाही. मोबाइलचे टॉवर 48 व्होल्ट डीसीवर चालतात, तिथे असे जनरेटर वापरले जातात. लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटींवरही ते आहेत.

आता हिशेब. फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप, भट्टीचा ब्लोअर, इंटरनेट, थोडा मायक्रोवेव्ह असं धरलं तर दिवसाला साधारण 4 युनिट लागतात असं समजू. लिथियम आयर्न फॉस्फेटची 12 व्होल्टची 400 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे 5 युनिट. जुन्या कन्व्हर्टरने 4 युनिट भरायला पाच तासांहून जास्त लागतील. 200 अँपिअरचा डीसी जनरेटर तेच काम दीड तासात उरकेल. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्‌झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात मुक्काम ठोकणाऱ्यांना हा फरक काय आहे ते लगेच कळेल, तुम्हाला आणि तुमच्या शेजाऱ्यांनाही. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमात 50 फुटांवर 60 डेसिबलची मर्यादा आहे आणि बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरचे तासही ठरलेले असतात. त्या थोड्या तासांत बॅटरी भरून घ्यायची असते.

उंचीचंही भान ठेवा. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. कोलोरॅडोत 9000 फुटांवर जुना जनरेटर एअर कंडिशनर सुरू होतानाच मान टाकतो. बॅटरी भरणारं इंजिन तिथे थोडं सावकाश भरेल, इतकंच. एअर कंडिशनरचा सुरुवातीचा झटका बॅटरी आणि इन्व्हर्टर झेलतात.

पण हे सगळ्यांसाठी नाही, आणि ते स्पष्ट सांगायलाच हवं. तुमच्याकडे साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतील तर डीसी जनरेटर घेऊ नका. त्या इतका प्रवाह घेतच नाहीत, आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लावतात. उन्हाळ्यात टेक्ससमध्ये दोन-दोन एअर कंडिशनर दुपारभर चालवणाऱ्यांना नेहमीचा एसी जनरेटरच बरा. आणि जुना जनरेटर ठणठणीत असेल तर तो काढूच नका. फक्त कन्व्हर्टरच्या जागी 120 अँपिअरचा चार्जर असलेला इन्व्हर्टर बसवा. पाच तासांचे अडीच तास होतील, खर्चही बराच कमी. माझ्या मते निम्म्याहून अधिक लोकांनी इथेच थांबावं.

डीसीचा निर्णय घेतलाच, तर बसवण्याचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. लिथियम बॅटरीला स्वतःचा रक्षक असतो, बीएमएस. काही बिनसलं की तो बॅटरी क्षणात तोडतो. त्या वेळी अल्टरनेटर जोरात असेल तर त्याच्या विजेला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं, आणि रेक्टिफायरसकट गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. म्हणून बॅटरी तोडण्याआधी बीएमएसने जनरेटरला थांबण्याचा इशारा द्यायलाच हवा. शून्य अंश सेल्सिअसखाली लिथियम बॅटरी भरू नये, याचाही बंदोबस्त हवा. 200 अँपिअरसाठी केबल जाड आणि आखूड लागते, फ्यूज बॅटरीलगत. इन्व्हर्टर एकच असेल आणि तो बिघडला तर घरात एसी वीज उरणार नाही, हेही आधीच गृहीत धरा.

धुराच्या बाबतीत मात्र तडजोड नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणसं जातात. नव्या यंत्राचा धूर गाडीच्या कडेबाहेर, खिडक्यांपासून दूर निघालाच पाहिजे. गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो ना आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे त्याच दिवशी बघा. सगळे झोपलेले असताना जनरेटर चालू ठेवू नका.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारा: भर उन्हात सलग किती अँपिअर मिळतील? माझ्या बॅटरीच्या बीएमएसशी हे यंत्र बोलतं का? सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत येतील? बसवून देणारा त्याच्या कामाची हमी देतो का? ‘त्याची काळजी नको’ असं गोलमोल उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.