ठिपके आणि छाप

चित्रकलेच्या स्पर्धांत ‘डिजिटल चित्र’ असा एक नवा वर्ग अलीकडे सर्वत्र दिसू लागला आहे, आणि परप्रांतांतील आपली महाराष्ट्र मंडळेही त्यास अपवाद राहिलेली नाहीत. संगणकावर अथवा फोनच्या काचेवर काढलेले चित्र हे चित्रच होय, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही किंतु नाही. कुंचला गेला आणि काच आली, म्हणून कला गेली असे मानणाऱ्या पंथाचे आम्ही नव्हे. आमचा वाद निराळा आहे. फोनने एक छायाचित्र टिपावयाचे, त्यावर तयार ‘फिल्टर’ चढवावयाचा, क्षणार्धात ते जलरंगातले वा तैलरंगातले भासू लागले की खाली आपले नाव घालावयाचे, आणि परीक्षकांनी त्या नावासमोर ‘कुशल कलाकृती’ असा शेरा मारावयाचा, हा जो प्रघात पडू पाहत आहे तो आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

निमित्त क्षुल्लक आहे; परंतु प्रघात हे क्षुल्लक निमित्तांतूनच पडत असतात. एका मंडळाच्या स्पर्धेत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) समुद्रकिनाऱ्याचे एक चित्र पहिले आले. लाटा, होड्या, मावळतीचे आकाश, सारे जाड रंगलेपाने रंगविल्यासारखे दिसत होते. त्याच वर्गात एका शाळकरी मुलीने फोनवर बोटाने काढलेले मासळीवालीचे चित्र होते. टोपली जरा कलंडलेली, हात प्रमाणाबाहेर मोठा; पण त्या हाताला ओझ्याची जाणीव होती. त्या चित्रास उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नाही. कारण विचारता परीक्षकांपैकी एकाने सांगितले की, पहिल्या चित्रात सफाई अधिक होती. सफाई होती हे निर्विवाद. ती सफाई कोणाची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

फिल्टर म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्याच्याभोवती उगाचच एक गूढ वलय निर्माण झाले आहे. डिजिटल चित्र हे ठिपक्यांचे असते. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या एका छायाचित्रात सुमारे १ कोटी २० लक्ष ठिपके असतात, आणि सामान्यतः प्रत्येक ठिपक्यातील लाल, हिरवा व निळा या रंगांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत नोंदलेले असते. साधा फिल्टर म्हणजे एक तयार कोष्टक: अमुक आकडा आला की त्याच्या जागी तमुक लिहावा. आपणा सरकारी माणसांना हे समजावयास कठीण नाही. वेतननिश्चितीच्या तक्त्यात डावीकडे जुने वेतन असते, उजवीकडे नवे. कारकून बोट ठेवून आकडा उचलतो; तेवढ्यावरून वेतन आयोगाचा अहवाल त्याने लिहिला, असे कोणी म्हणत नाही. जलरंगाचा भास करून देणारे फिल्टर याहून गुंतागुंतीचे असतात. ते शेजारच्या ठिपक्यांकडे पाहतात, चेहरा व आकाश वेगळे ओळखतात, असंख्य चित्रांवरून शिकलेलेही असतात. परंतु ती सारी गुंतागुंत फिल्टर रचणाऱ्याच्या खाती जमा होते. बटण दाबणाऱ्याच्या खाती जमा होतो तो केवळ एक स्पर्श.

चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसास हा भेद कळण्यासाठी कोणतेही शास्त्र शिकण्याची गरज नाही. सकाळी दूध आणावयास निघताना शेजाऱ्यांच्या दारापुढे पाहिले तरी पुरे. तमिळ स्त्रिया अंगणात पाणी शिंपडून पिठाचे कोलम काढतात, आणि मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, ही कला विशेष बहरास येते. ‘पुळ्ळी कोलम’ म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. त्यातही ‘सिक्कू कोलम’ पाहावे. रेषा ठिपक्यांना वळसे घालीत, एकाही ठिपक्याला न शिवता, फिरून आपल्या आरंभाशी येऊन मिळते. एक वळण चुकले की सारी आकृती बिघडते. आता याच शहरात कोलमचे चिकटवावयाचे कागद मिळतात, भोके पाडलेले छाप मिळतात, आणि पीठ भरून जमिनीवरून फिरवावयाच्या नळ्याही मिळतात. सदनिकेत राहणाऱ्या, सकाळी आठची लोकल गाठणाऱ्या बाईने उंबऱ्यावर तसला कागद चिकटविला, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. तिचे दार शोभिवंत झाले, हेतू साधला. मात्र जानेवारीत मैलापूरच्या उत्तर माडा रस्त्यावर कोलमची स्पर्धा भरते, तेथे कोणी असा कागद अंथरून बक्षीस मागू लागला, तर बघणारी पोरेही हसतील. त्या पोरांना जे कळते ते आमच्या परीक्षकांना कळू नये, याचेच आम्हांस नवल वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ठिपके तरी ठरीवच नव्हेत काय? आपल्या आज्या कागदाला उदबत्तीने भोके पाडून ठेवीत, आणि तो कागद जमिनीवर ठेवून, वरून रांगोळी फिरवून ठिपके उमटवीत. मग त्यांची कलाही उसनीच म्हणावयाची काय? नव्हे. ठिपके प्रश्न घालतात, छाप उत्तर देतो. त्याच ठिपक्यांवर दोघी बसल्या तर दोन रांगोळ्या निघतात. त्याच छापावर दोनशे जणी बसल्या तरी रांगोळी एकच निघते. आमची सारी कसोटी या एका वाक्यात आली. जे साधन वापरणाऱ्यास निर्णय करावयास लावते ते कौशल्याचे साधन, आणि जे निर्णय करण्यापासून त्याची सुटका करते ते सोयीचे साधन. सोय ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु सोयीला कौशल्याचे पारितोषिक देता येत नाही.

कोणी आम्हांस यंत्रद्वेष्टे समजू नये. याच चेन्नईच्या सीमेवर, तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी निगडित असलेले गिफ्ट सिरोमनी व राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमच्या आकृतींचे गणिती व्याकरण मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. संगणकावरील चित्रशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्या शास्त्राला दाराबाहेरच्या पिठाच्या रेषेने एक नमुनेदार उदाहरण पुरविले. हे यंत्र आणि कला यांचे मीलन नव्हे असे कोण म्हणेल? परंतु व्याकरण लिहावयाचे तर भाषा कळावी लागते. यंत्राला कोलम काढावयास शिकविणारा कोलम जाणतो; यंत्राकडून कोलम काढून घेणारा तो जाणतोच, असे नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या नावाने येतो. जुन्या चिताऱ्यांकडे खाके असत. बाह्यरेषेवर टोचलेल्या कागदातून कोळशाची पूड दाबून ते आकृती उतरवून घेत. हे खरे आहे. परंतु खाक्याने रेषेची जागा सांगितली, तरी रेषेचा जोर, रंगाची घनता आणि डोळ्यांतला भाव हातालाच ठरवावा लागे. राजा रविवर्म्याच्या १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याचे उदाहरणही आमच्या तोंडावर फेकले जाते. त्या छापखान्याने लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचविल्या; प्रत्येक रंगासाठी शिळेवर वेगळा ठसा उतरविणारे कारागीर निष्णात होते, यात शंका नाही. पण ती तसबीर विकत घेणाऱ्या गृहस्थाने तिच्याखाली आपली सही केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कित्येक घरांतील बायका त्या छापील लक्ष्मीला जर आणि टिकल्या लावून नटवीत. टिकली कोठे लावावी हे त्या ठरवीत, आणि मानही तेवढ्या टिकलीपुरताच मागत. हा प्रामाणिकपणा आम्हांस आजच्या स्पर्धकांकडून हवा आहे.

तिसरे म्हणणे असे की, फिल्टर हे शेवटी एक साधन आहे. या नगरात ‘फिल्टर’ म्हटले की प्रथम कापी आठवते. आणि तोच दृष्टान्त आम्हांस सोयीचा आहे. कापीचा फिल्टर घरोघरी सारखाच, तरी एका घरची कापी दुसऱ्या घरी मिळत नाही. दाणा किती भाजावा, चिकोरी किती घालावी, पाणी किती कढत असावे, अर्क उतरेपर्यंत किती थांबावे, हे प्रत्येक घर आपले आपण ठरविते. छायाचित्रकारही असेच करू शकतो. लग्नाची दोन हजार छायाचित्रे एका छटेत बसविण्यासाठी जो स्वतःचे कोष्टक रचतो, काळोख्या मंडपात ते कोठे फसेल हे जाणतो, आणि फसेल तेथे ते बाजूस सारून हाताने दुरुस्ती करतो, त्यास आम्ही कुशल म्हणू, एकदा नव्हे दहादा म्हणू. तयार योजना नाकारण्याची ज्याची शक्ती आहे, त्याच्याच स्वीकाराला किंमत आहे.

येथवर कौशल्याचा विचार झाला. परंतु तयार योजनेत आणखी एक धोका असतो, आणि तो अधिक खोल आहे. प्रत्येक ठरीव योजना ही कोणाची तरी अभिरुची असते. रंगीत छायाचित्रांच्या छपाईत रंग जुळविण्यासाठी १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनीची ‘शर्ली’ नावाने ओळखली जाणारी प्रमाणपत्रके वापरात होती. त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. तिची कांती ठीक उतरली की रंग ठीक, असे गृहीत धरले जाई. सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसत नसत. विविध वर्णांच्या व्यक्तींची पत्रके रूढ व्हावयास १९९० चे दशक उजाडावे लागले. आज चेहरा ‘सुंदर’ करणारे कित्येक फिल्टर कातडी उजळवितात, नाक बारीक करतात. सातारा-सोलापूरकडची आणि तमिळ देशातली आपली पोरे सावळी असतात. एखादी मुलगी आपल्या आईचे चित्र करू लागते, फिल्टर आईला गोरी करतो, आणि मुलगी ते चित्र ‘मी काढले’ म्हणून दाखविते. तिने काय काढले? आईचा रंग काढून टाकला, एवढेच. तिला तो निर्णय करावयाचा होता काय, हे तिला कोणी विचारलेच नाही.

काळ कोणत्या दिशेने चालला आहे तेही पाहावे. २०१० साली इन्स्टाग्राम निघाले, ते छटा बदलणारे फिल्टर घेऊन. २०१६ साली प्रिझ्मा आले. ते छायाचित्राला नामांकित चित्रकारांच्या शैलीचा वेष चढवू लागले. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीकडून आपल्या कुटुंबाची छायाचित्रे जपानच्या घिब्ली चित्रशाळेच्या वळणात करून घेण्याची लाट जगभर उसळली. ज्या हायाओ मियाझाकी यांनी आयुष्यभर हाताने रेखाटने करून ते वळण घडविले, त्यांचे वळण लोकांच्या हाती एका वाक्याच्या मोबदल्यात आले. लोकांना गंमत वाटली, वाटो बापडी. कला सर्वांच्या आवाक्यात आली, असा जयघोषही झाला. आवाक्यात काय आले याचा मात्र विचार झाला नाही. कलेचे फळ आवाक्यात आले, कला होती तेथेच राहिली. सर्वांनी आनंद घ्यावा. पारितोषिक मागताना मात्र हिशेब द्यावा.

आपण बहुतेक सारे कचेऱ्यांत बसणारे. ठरीव नमुन्यांवर आपला संसार चालतो. रजेचा अर्ज, प्रवासभत्त्याचे देयक, स्मरणपत्र, सर्वांचे साचे तयार. ई-ऑफिस आल्यापासून तर शेरेसुद्धा तयार मिळतात. त्यांची नालस्ती आम्ही करणार नाही. नमुना सर्वांस सारखा असतो, म्हणून न्यायही बव्हंशी सारखा मिळतो. परंतु नमुन्यात न बसणारे प्रकरण टेबलावर येते, मृत कर्मचाऱ्याच्या विधवेचे नाव सेवापुस्तकात एक आणि बँकेत दुसरे निघते, तेव्हा मसुदा लिहिता येणारा कोण आणि नमुना भरणारा कोण, हे साऱ्या विभागास कळून चुकते. ती विधवा ताटकळत असते. ज्याला नमुन्यापलीकडे शब्द सुचत नाही तो धारिणी वरच्या टेबलावर ढकलतो. हाताची आणि बुद्धीची सवय मोडली की माणूस अडचणीच्या क्षणी कसा निरुपयोगी होतो, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार? तीच सवय आपल्या मुलांना बक्षिसे देऊन लावावी, हे आम्हांस कसेसेच वाटते. घरापासून आणि भाषेपासून दूर वाढणाऱ्या या मुलांना आधीच पुष्कळ गोष्टी तयार स्वरूपात मिळतात: सण मंडळाच्या सभागृहात, पुरणपोळी डब्यात, आजी फोनच्या काचेवर. निदान एक रेषा तरी त्यांची त्यांना ओढू द्यावी.

केवळ टीका करून थांबणे आम्हांस रुचत नाही. तीन नियम सुचवितो. पहिला, डिजिटल चित्रासोबत मूळ छायाचित्र वा मूळ रेखाटन सादर करावे. ही मागणी अजब नाही. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत मूळ फाइली तपासल्या जातात, आणि २०१५ साली उपान्त्य फेरीतील सुमारे २० टक्के छायाचित्रे फेरफारांमुळे बाद झाली होती. ती वृत्तछायाचित्रे होती, तेथील कसोटी निराळी. पण मूळ पाहिल्यावाचून निवाडा नाही, हे तत्त्व आपणही उचलावे. दुसरा, कोणती तयार योजना वापरली ते स्पर्धकाने लिहून द्यावे. लिहिल्याने गुण जाणार नाहीत, लपविल्याने जातील. तिसरा, फिल्टरने सजविलेल्या छायाचित्रांसाठी वेगळा वर्ग ठेवावा आणि त्यात निवडीला गुण द्यावेत, कारण निवड हाही एक गुण आहे, लहान असला तरी.

गणेशोत्सव आला की आपल्यापैकी अनेकांस परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचे निमंत्रण येते. अधिकारी म्हणून आपण रोज सह्या करतो. सही म्हणजे जबाबदारी, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तेव्हा चित्राची सफाई पाहून गुण मांडण्याआधी, चित्राखाली सही करणाऱ्या त्या मुलास एवढेच विचारावे: “बाळ, यात तू काय ठरविलेस?” तो जे बोट दाखवील, तेवढे चित्र त्याचे.