वही दुकानाची, फोन मालकाचा

लग्नसराई सुरू झाली की छापखान्यात एकाच पत्रिकेच्या दुरुस्त्या चार फोनांवरून येतात. मुलीचे वडील मुहूर्ताची वेळ फोन करून सांगतात. नवरदेव कार्यालयाचा पत्ता व्हॉट्सॲपवर टाकतो. राहिलेलं एक नाव मामा व्हॉइस मेसेजमध्ये बोलतात, तेही भर रस्त्यातून, हॉर्नच्या गलक्यात. मालक हे ऐकत असतो तेव्हा समोर दुसरं गिऱ्हाईक दुकानाच्या उद्घाटनाचं मॅटर घेऊन उभं असतं. ‘बोला, ऐकतोय,’ असं त्याला सांगितलं जातं. नजर पडद्यावरच असते.

मग पाचशे पत्रिका छापून होतात आणि आडनावातली वेलांटी चुकलेली निघते.

या धंद्यात पूर्वी साधा रिवाज होता. गिऱ्हाईक कागदावरचं प्रूफ घेऊन बाकावर बसायचं, ओळीवरून बोट फिरवत वाचायचं, पेनानं दुरुस्त्या करायचं आणि खाली सही करायचं. शेजारी ऑपरेटर असायचा. तारखेपुढचा वार जुळत नाही, हे कित्येकदा त्याच्याच ध्यानात यायचं. आता प्रूफ तळहाताएवढ्या पडद्यावर जातं आणि उत्तरादाखल येतो एक अंगठा. तो ‘वाचलं’ म्हणतो की नुसतं ‘मिळालं’? पुन्हा छापायचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद तिथूनच सुरू होतो.

फोनने छोट्या धंद्याला दिलंही भरपूर. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, २०१८ च्या जानेवारीत छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस आलं, आणि गल्लीतल्या छापखान्याला परगावची कामं घरबसल्या मिळू लागली. प्रश्न निरोप कुठे साठतो याचा आहे. ऑर्डरची वही काउंटरवर पडलेली असायची. मालक जेवायला गेला तरी कारागीर ती उघडून पुढचं काम लावायचा. फोनला मात्र मालकाच्या बोटाचा ठसा लागतो, आणि तो मालकाबरोबरच जेवायला जातो. मागे मशीनवरचा माणूस कागदाचा रंग विचारायला ताटकळतो. पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाला गिऱ्हाइकाला ‘शेठ आले की सांगतो’ म्हणावं लागतं, ही फार वाईट गोष्ट आहे. वेळ तर जातोच, शिवाय त्याचा दुकानातला शब्दही जातो.

लक्ष तुटण्याचा भाग वेगळाच. टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली सुमारे आठशे जणांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सगळ्यांचे फोन मुके केलेले होते; कुणाचा टेबलावर, कुणाचा खिशात किंवा पिशवीत, कुणाचा दुसऱ्या खोलीत. लक्ष आणि स्मरण लागणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेले लोक टेबलावर फोन असणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. छापखान्यातला फोन तर मुकाही नसतो.

याच काळात बाजारात एक उलटी गोष्टही घडली. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा पैसे जमा झाले का हे पाहायला भाजीवाल्याला दर वेळी फोन काढून मेसेज उघडावा लागे. मग साउंडबॉक्स आला आणि रक्कम मोठ्याने बोलू लागला. विक्रेत्याची नजर पुन्हा तराजूवर आणि समोरच्या माणसावर आली. मुख्य म्हणजे पैसे आल्याचं गाड्यावरच्या मदतनीस पोरालाही कळू लागलं. निरोप खिशातून बाहेर पडला, दुकानाचा झाला.

छापखान्यालाही हे जमण्यासारखं आहे. धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा आणि तो फोन काउंटरवरून हलू नये. त्यावर आलेली प्रत्येक दुरुस्ती लगेच वहीत उतरावी, म्हणजे ऑपरेटरला ती वाचता येईल. घरच्यांपैकी एकानेच दुरुस्त्या कळवाव्यात, हे आगाऊ घेतानाच ठरवावं. आणि शेवटच्या प्रूफवर अंगठा चालणार नाही, असं स्पष्ट सांगावं: वधूवरांची नावं, तारीख, वार आणि मुहूर्ताची वेळ गिऱ्हाइकाने स्वतः टाइप करून पाठवली, तरच प्लेट काढायची.