गॅलिसवाला टाका

रात्री पावणेबाराला मोबाइल वाजला, की आपण काय समजतो? कुणाचा तरी बर्थडे! मीही तेच समजले. पण पलीकडे मैत्रिणीचा नवरा होता. ‘मुलगी झाली. पण हिचं ब्लीडिंग थांबत नाहीये. रक्त लागणारेय. येतेस?’

दोनच महिन्यांपूर्वी आम्ही हिचं डोहाळजेवण जेवलो होतो.

बाळ झालं, की गर्भाशय मुठीसारखं आवळलं जातं आणि आतल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैलच राहिलं, तर रक्त वाहतच राहतं. दिवस भरलेले असताना गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं. म्हणजे डॉक्टरांच्या हातात वेळ किती, तुम्हीच बघा! औषधं झाली, मसाज झाला, आत फुगवायचा बलून झाला. काही उपयोग नाही. शेवटी फॉर्म आला. त्यात एक ओळ होती: ‘गरज पडल्यास गर्भाशय काढणे.’ सही करताना त्याचा हात थरथरत होता.

ती वेळ आली नाही. डॉक्टरांनी पोट उघडून ‘बी-लिंच’ टाका घातला.

क्रिस्टोफर बी-लिंच हे मूळचे सिएरा लिओनचे, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचे डॉक्टर. 1989 मध्ये अशाच एका पेशंटने गर्भाशय काढून घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यांना हे सुचलं. 1997 मध्ये त्यांनी पाच केसेस छापल्या. आयडिया एकदम साधी. आधी गर्भाशय दोन्ही हातांनी दाबून बघायचं. रक्त थांबलं, तर तेच काम दोऱ्यावर सोपवायचं. विरघळणारा एक लांब दोरा, दोन्ही बाजूंनी वरून मागे नेलेला, अगदी आजोबांच्या पँटच्या गॅलिससारखा. ओढून गाठ मारली, की झालं. गर्भाशय शाबूत राहतं, पुढे मूलही होऊ शकतं.

दर वेळी हा टाका पुरतोच असं नाही. मग रक्तवाहिन्या बांधतात, आणि तेही जमलं नाही तर गर्भाशय काढावंच लागतं. तेही जीव वाचवायलाच.

आपण हॉस्पिटल निवडताना रूमला एसी आहे का, विचारतो. त्यासोबत एवढंही विचारा ना: रात्री दोन वाजता ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल?

परवा पुन्हा पावणेबाराला फोन वाजला. ‘बारा वाजता केक कापतोय. दोन वर्षांची झाली!’