जुलैतली थाळी

रस्त्याकडेची जुनी घरगुती खानावळ पारखायची तर जुलैत जावं, असं माझं मत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. अशा दिवसांत चांगल्या खानावळीतली बाई सरळ सांगते, "आयज इसवण ना." मग ताटात येते सुक्या सुंगटांची किसमूर, भाजलेला खारा बांगडा, अळसांद्याचं तोणाक, उकड्या तांदळाचा भात आणि वाटीभर सोलकढी. माझ्या लेखी पावसाळ्यातली गोव्याची थाळी हीच!

पण गिऱ्हाईक ऐकतं कुठे? पर्यटकांचं एक वेळ सोडा, आपल्यालाच बारमाही तळलेली इसवण हवी. मग खानावळवाला परराज्यातली, बर्फातली मासळी आणतो. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचा गवगवा झाला, सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली, तेव्हा आपण सगळे व्यापाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. भर पावसात इसवण येते कुठून, हे ताटावर बसून किती जणांनी विचारलं होतं? आणि कुणी किसमूर वाढलीच तर पैसे देताना कुरकुर ठरलेली, "सुकी मासळी काय, घरीच असते!" अशाने "ना" म्हणणं त्या बाईला परवडायचं कसं?