घर पाडा, हक्क पाडू नका



पावसाळा सरत आला की आमच्या नगर जिल्ह्यातल्या जुन्या वस्त्यांत एकच विषय निघतो. भिंतीला पोट सुटले आहे, माळवद गळते आहे, आढ्याचे लाकूड वाळवीने पोखरले आहे, आता हे घर पाडावे की काय? मातीची भिंत पाऊस चालू असता तग धरते आणि उघडीप पडून ऊन लागले की एकाएकी बसते, हे आमच्या माताभगिनींना कुणी शिकवायला नको. त्या भिंतीखाली झोपणारी लेकरे त्यांचीच असतात. म्हणून पडके घर उतरवून घ्यावे, जीव धोक्यात घालू नये, हे आमचे पहिले सांगणे. महाडच्या चवदार तळ्याला आम्ही दरवर्षी वंदन करतो. त्याच महाडात २४ ऑगस्ट २०२० रोजी एक पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. ती इमारत तर दहा वर्षांचीही नव्हती.

मात्र घर पाडण्याची घाई करताना आमचे बांधव एक गोष्ट विसरतात. घर आपले असले तरी ते पाडायला परवानगी लागते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात 'विकास' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत असलेली इमारत पाडणेही येते. नगर शहरात २००३ पासून महानगरपालिका आहे. तिथे अर्ज नगररचना विभागाकडे करावा. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा गावी तो नगरपरिषदेकडे करावा. अर्जाला सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, घरपट्टी भरल्याची पावती, घराचे फोटो, इंजिनिअरचा दाखला आणि सर्व हिस्सेदारांची संमती जोडावी लागते. वीज मीटर आणि नळजोड रीतसर बंद करून घ्यावा. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर त्याच्याशी आधी लेखी बोलणे करावे. नाहीतर घर पडते एका दिवसात आणि कोर्टाचे खेटे चालतात दहा वर्षे.

यातला 'हिस्सेदारांची संमती' हा शब्द आम्हांस जास्त महत्त्वाचा वाटतो. वडील जातात, घर त्यांच्याच नावावर राहते. एक भाऊ नगरला, एक पिंपरी-चिंचवडला, बहिणी सासरी. घर पाडायचे ठरले की बहिणीकडे कागद जातो, "ताई, नगरपालिकेला सही लागते, इथे कर." ताई भावाच्या शब्दावर सही करते. तो कागद नुसत्या संमतीचा असेल तर हरकत नाही. पण कधी कधी त्याच बैठकीत हक्कसोडपत्र पुढे सरकते आणि रजिस्टर कचेरीत अंगठा उमटून जातो. भगिनींनो, घर पाडायला दिलेली संमती आणि हिस्सा सोडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पाडकामाच्या परवानगीसाठी कुणालाही आपला हक्क सोडावा लागत नाही. कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून, सुनेकडून वाचवून घ्या.

वारसाच्या कायद्यात आम्ही बौद्धही येतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २००५ मध्ये वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा वाटा बुडत नाही, हेही सांगितले. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांची जयंती थाटात करायची आणि घरच्या बहिणीला मात्र फसवून सही करायला लावायची, हे आमच्या समाजाला शोभत नाही.

दुसरी गोष्ट नोटिशीची. पालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस दारावर लागली की माणूस हबकतो. महानगरपालिका कायद्याच्या कलम २६४ प्रमाणे आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला इमारत पाडायला सांगू शकतात, तसेच ती दुरुस्त करायला किंवा तिला आधार द्यायलाही सांगू शकतात. म्हणजे प्रत्येक नोटीस पाडण्याचीच असते असे नाही. इमारतींचे वर्गही ठरलेले आहेत. 'सी-१' म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडावी अशी. 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावी अशी, 'सी-२बी' म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येईल अशी आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ डागडुजीची. आपले घर कोणत्या वर्गात घातले आणि कोणत्या तपासणीवरून, हे लेखी मागावे. तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे कलम २६५-अ नुसार मालकाचे कर्तव्यही आहे.

भाडेकरूंनी तर अधिक सावध असावे. घर पडले म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला, असे मालक सांगतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल दिला की इमारत पाडली गेली तरी जमीन उरते आणि भाडेकरार आपोआप संपत नाही. मात्र आपण किती जागेत राहत होतो हे दाखवणारा कागद हाती हवा. घर सोडण्यापूर्वी मोजमाप, फोटो, भाडेपावत्या, वीजबिले सांभाळून ठेवा.

कागद नसला म्हणजे काय होते हे समाजाने एकदा पाहिले आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, मुंबईत दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. इमारत धोकादायक असल्याच्या महापालिकेच्या नोटिशीचा आधार त्याला सांगितला गेला. 'प्रबुद्ध भारत' जिथे छापला जाई ती वास्तू सकाळी ढिगारा झाली होती. १९ जुलै २०१६ रोजी लाखो भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यावर उतरले. मोर्चाने समाजाचा संताप दिसला, पण पडलेली भिंत उभी राहिली नाही. इमारत खरोखर जुनी झाली होती की नव्हती, हा वाद बाजूला ठेवू. आधी सर्वांना कळवणे, आतल्या वस्तूंची यादी करणे, दिवसाउजेडी पंचनामा करणे एवढे तरी व्हायला हवे होते. जे समाजाच्या वास्तूला लागू ते आपल्या दोन खणी घरालाही लागू.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी बुलडोझरच्या प्रश्नावर निकाल दिला. अनधिकृत म्हणून घर पाडायचे असेल तर किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणे मांडायची संधी आणि कारणे देणारा आदेश हवा, असे त्यात आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा जागांवरील बांधकामांना हे संरक्षण नाही, हेही ध्यानात ठेवावे. अमरावतीच्या बौद्ध घरातून आलेले गवईसाहेब पुढे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचा अभिमान वाटतो, तसा त्यांचा निकालही माहीत असावा.

शेवटी, घरकुलाच्या आशेने जुने घर उतरवणाऱ्यांना एक विनंती. रमाई आवास योजनेत आपले नाव मंजूर झाल्याचा लेखी आदेश आणि नव्या बांधकामाची परवानगी हाती आल्याशिवाय घर धोकादायक नसेल तर कुदळ मारू नका. जुने घर रस्त्याला किंवा शेजाऱ्याला टेकून असते. नव्याला सामासिक अंतर सोडावे लागते आणि लहान जागेत मग एकच खोली उरते. हे नकाशावर आधी कळले तर विचार करता येतो. जागा सरकारी असेल तर ते पडके घरच तुमच्या वहिवाटीचा मोठा पुरावा असते. तो आधी कागदावर आणावा. पाडल्यावर घरपट्टीच्या नोंदीतून नाव निघाले नाही ना, हे पालिकेत जाऊन पाहावे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्यावा. वस्तीत ज्यांची घरे मोडकळीस आली आहेत त्यांनी आपापले कागद घेऊन यावे आणि शिकलेल्या तरुणांनी ते वाचून द्यावेत. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंदीपासून सुरुवात करावी. त्या नोंदीत आईचे आणि बहिणींचे नाव लागले आहे ना, हे आधी पाहावे.

नमो बुद्धाय! जयभीम!